व्यायामशाळा आणि व्यवहारबुद्धी

व्यायाम करावा हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. लहानपणापासून ते प्रत्येकाने ऐकलेले असते, आणि वैद्यापासून वडीलधाऱ्यांपर्यंत सर्वांचे त्यावर एकमत असते. तथापि व्यायामशाळा चालविणाऱ्याची खरी अडचण येथूनच सुरू होते. ज्याला पटले आहे तो मनुष्य येतोच असे नाही. आला तरी टिकतोच असे नाही. किराणा दुकानातील गिऱ्हाईक पैसे देते आणि माल घेऊन घरी जाते. खानावळीत पैसे देणाऱ्याच्या पुढे भरलेले ताट येते. व्यायामशाळेत मात्र पैसे देणाऱ्यानेच घाम गाळावयाचा असतो, आणि त्याचे फळ त्याला त्या दिवशी दिसत नाही, त्या आठवड्यातही दिसत नाही. अशा मालाचा व्यापार करणे ही सोपी गोष्ट नव्हे. म्हणूनच व्यायामशाळेला जगण्याची विद्या स्वतःच्या घरात कधी पुरेशी सापडली नाही. ती तिला रंगभूमीकडून, छापखान्याकडून, टपालखात्याकडून, जाहिरातदाराकडून, सावकाराकडून आणि अंगणात खेळणाऱ्या मुलांकडूनही शिकावी लागली. ह्या उसनवारीचा इतिहास सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा आहे. त्यात ज्यांची भरभराट झाली त्यांच्याइतकेच ज्यांचे दिवाळे निघाले तेही बोलके आहेत.

महाराष्ट्रातील तालमीला व्यवहाराचा प्रश्न फार काळ पडलाच नाही. तांबड्या मातीचा हौद, कोनाड्यातील मारुती, भिंतीला टेकवून ठेवलेल्या जोड्या, मधोमध मल्लखांब, आणि ह्या सर्वांवर सत्ता चालविणारा वस्ताद, एवढ्यावर तालीम उभी राही. मातीत तेल, ताक आणि हळद पडे. त्याचा खर्च कोणी दाता उचली. मोठ्या मल्लांच्या खुराकाचा भार संस्थानिकांच्या कोठारावर असे, आणि लहान पोरांचा त्यांच्या आईच्या चुलीवर. फीचे नाव नव्हते. वस्तादाला दक्षिणा आणि मान मिळे. गावच्या जत्रेत रेवड्यांपासून आणि नारळापासून कुस्त्यांना प्रारंभ होई आणि शेवटची कुस्ती मोठ्या इनामाची असे. कोल्हापूरचे शाहू छत्रपती १९०२ साली युरोपच्या प्रवासास गेले, तेथे रोममधील प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले, आणि त्याच धर्तीवर कोल्हापुरात खासबागेचे मैदान उभे करविले. ते १९१२ साली पुरे झाले. मधल्या हौदातील कुस्ती चहूबाजूंच्या शेवटच्या प्रेक्षकालाही स्पष्ट दिसावी ही त्याची रचना. मल्लविद्येला आश्रय देणाऱ्या राजाने परदेशातील स्थापत्याकडून जे शिकावयाचे तेच शिकून घेतले होते.

पण आश्रयावर जगणारी संस्था आश्रयदात्याच्या आयुष्याएवढीच निर्धास्त असते. १९४९ साली कोल्हापूर आणि बडोदे ही दोन्ही संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. राजाच्या कोठारातून येणारा खुराक थांबला, आणि शहरांतील जागेचे मोल वाढत गेले. ज्या तालमींनी आपल्या पेठेशी नाते जोडले होते त्यांना निराळा आधार सापडला. पुण्याच्या गणेशोत्सवातील मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा आहे, ही गोष्ट ह्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. उत्सवाने तालमीला वर्गणी दिली, माणसे दिली आणि पेठेच्या जीवनात एक स्थान दिले. तालीम ही पेठेची आहे असे जेथे लोकांना वाटत राहिले, तेथे तिच्या दाराला सहजासहजी कुलूप लागले नाही.

पैसे घेऊन व्यायाम शिकविणे हा स्वतंत्र उद्योग म्हणून ज्या माणसाने जगापुढे मांडला, तो युजेन सँडो. त्याचे मूळ नाव फ्रीडरिख विल्हेल्म म्युलर. तो १८६७ साली प्रशियातील कोनिग्सबर्ग येथे जन्मला. १८८९ साली लंडनच्या रंगमंचावर सॅम्पसन नावाच्या प्रख्यात बलवानाचे आव्हान स्वीकारून त्याने त्याला हरविले आणि एका रात्रीत तो नावारूपास आला. त्या काळच्या बलवानांचा धंदा ठरलेला होता: वजने उचलावी, साखळ्या तोडाव्या, टाळ्या घ्याव्या आणि पुढच्या गावी जावे. सँडोचे भाग्य असे की १८९३ साली अमेरिकेत त्याची गाठ फ्लोरेन्झ झिगफेल्ड ह्या तरुण नाट्यव्यवसायिकाशी पडली. व्यायामाचे शास्त्र झिगफेल्डला ठाऊक नव्हते. प्रेक्षकांचे डोळे कोठे खिळतात हे त्याला ठाऊक होते. लोक वजनाकडे पाहत नाहीत, ते उचलणाऱ्याच्या स्नायूंकडे पाहतात, हे त्याने हेरले. शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या दिवसांत त्याने सँडोला त्याच रीतीने रंगमंचावर उभे केले. दिव्यांचा प्रकाश, मोजके कपडे आणि पुतळ्यासारख्या मुद्रा ह्यांमुळे बळाचा खेळ शरीरसौष्ठवाचा खेळ झाला. प्रेक्षक घरी जाताना लोखंडाच्या गोळ्याचा विचार करीत नव्हता. आपले शरीरही असे होईल काय, हा विचार त्याच्या मनात घोळत होता. सँडोच्या पुढील सर्व उद्योगाचे बीज ह्या एका प्रश्नात आहे.

१८९७ साली सँडोने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर आपली शरीरसंवर्धन संस्था उघडली. हा भाग श्रीमंतांच्या क्लबांचा. तेव्हाच्या सामान्य व्यायामशाळा म्हणजे कोंदट, घामट जागा. सँडोने आपली संस्था मात्र शेजारच्या क्लबांच्या तोडीची सजविली. येणाऱ्याला सरसकट एकाच जोखडाला न जुंपता त्याच्या शरीराची मापे घ्यावयाची, ती नोंदवावयाची, त्याप्रमाणे व्यायाम नेमून द्यावयाचा, आणि काही काळाने पुन्हा मापे घेऊन त्याचा त्यालाच फरक दाखवावयाचा, ही पद्धत त्याने रूढ केली. तीत डॉक्टराच्या तपासणीची शिस्त आहे आणि शिंप्याच्या फितीची सोयही आहे. जे फळ डोळ्यांना दिसत नाही ते आकड्यांत दाखविण्याची ही युक्ती होती. व्यायाम करणाऱ्याचा धीर सुटतो तो बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत. त्याच काळात फितीवरचा अर्धा इंच त्याला थोपवून धरतो.

पुढच्याच वर्षी, १८९८ साली, सँडोने मासिक काढले. मासिक म्हणजे दर महिन्याला वाचकाच्या दारावर पडणारी थापच. त्या मासिकातून त्याने आपल्या शिष्यांची एक महास्पर्धा जाहीर केली आणि ती तब्बल तीन वर्षे चालती ठेवली. परगण्या-परगण्यांतून स्पर्धक निवडले गेले, आणि १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमध्ये अंतिम सामना झाला. परीक्षक म्हणून शिल्पकार सर चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल हे बसले होते. पहिले बक्षीस नॉटिंगहॅमच्या विल्यम मरे ह्याला मिळाले. आधुनिक शरीरसौष्ठव स्पर्धांचा आरंभ ह्या रात्रीपासून धरतात. ह्या स्पर्धेमागील व्यवहारही विचार करण्याजोगा आहे. ज्याच्यापुढे तीन वर्षांनंतरची एक तारीख उभी आहे, तो शिष्य तीन वर्षे व्यायाम सोडीत नाही. शेतकऱ्यांच्या प्रदर्शनांत उत्तम बैलाला पदक मिळे, तसाच हा प्रकार. पण त्यामुळे सँडोच्या शिष्यवर्गाला स्वतःचा अभिमान आणि एक वेळापत्रक लाभले.

सँडोची कीर्ती हिंदुस्थानात त्याच्या आधीच पोचली होती. १९०५ च्या सुमारास तो स्वतः येथे आला आणि मोठ्या शहरांतून त्याचे खेळ झाले. परंतु त्याच्या आधीच त्याची पुस्तके आणि साधने आगबोटींतून आली होती. साताऱ्याजवळच्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी हे त्याच्या पद्धतीचे एक निष्ठावंत अनुयायी. त्यांनी सँडोचे साहित्य मागविले आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. नंतर ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि शेवटपर्यंत त्याचे प्रचारक राहिले. त्यांनी परंपरेतील नमस्कार उचलला, पण त्याचा प्रसार केला तो नव्या रीतीने. मोजकी संख्या, ठराविक क्रम, चित्रे, पुस्तक, शाळांतून सामुदायिक नमस्कार, आणि पुढे इंग्रजी वाचकांसाठी १९३८ साली लंडनमधून प्रसिद्ध झालेले पुस्तक. साधन शून्य, जागा एका सतरंजीएवढी आणि खर्च काहीच नाही. सँडोच्या व्यापारातील शिस्त तेवढी घ्यावी आणि त्याचा माल परत करावा, असा हा प्रकार होता. औंधच्या राजाला व्यायामातून पैसा मिळवावयाचा नव्हता, हे खरे. परंतु परक्याकडून काय घ्यावे आणि काय घेऊ नये ह्याचा एवढा स्वच्छ नमुना व्यायामाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

स्वतः सँडोला मात्र शेवटी हा विवेक राखता आला नाही. त्याच्या नावावर डंबेल्स, ताणाची साधने, स्त्रियांसाठी कंबरपट्टे असे एकामागून एक जिन्नस बाजारात आले. पुढे त्याने कोकोच्या धंद्यात उडी घेतली. व्यायाम करणाऱ्याला पौष्टिक पेय हवेच, हा विचार वरवर पाहता बिनतोड होता. परंतु कोकोच्या बाजारात जुने आणि बलाढ्य कारखानदार ठाण मांडून बसलेले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याची ही कंपनी बुडाली. १९२५ साली तो वारला तेव्हा त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही बसला नाही आणि पुढे कित्येक वर्षे ते तसेच राहिले. शरीराची मापे काटेकोरपणे घ्यावयास शिकविणाऱ्याने आपल्या उद्योगाचे माप घेण्यात चूक केली. शेजाऱ्याच्या धंद्यातील युक्ती घेणे निराळे आणि शेजाऱ्याच्या धंद्यातच शिरणे निराळे, हा भेद त्याच्या ध्यानात राहिला नाही.

सँडोनंतरच्या पिढीत चार्ल्स ॲटलास हे नाव घराघरांत गेले. हाही मूळचा अमेरिकन नव्हे. इटलीत १८९२ साली जन्मलेला आंजेलो सिचिलियानो लहानपणीच न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात आला. शरीरसौष्ठवाची स्पर्धा जिंकून त्याने १९२० नंतरच्या दशकात टपालाने व्यायाम शिकविण्याचा धंदा सुरू केला. पाठ चांगले होते, गुरूचे शरीर तर कोरीव होते, पण धंदा खालावत चालला. शेवटी ते काम एका जाहिरातसंस्थेतील चार्ल्स रोमन नावाच्या विशीतील तरुणाकडे आले आणि १९२९ साली दोघांनी भागीदारीत कंपनी काढली. रोमन मल्ल नव्हता. परंतु गिऱ्हाइकाला बळाची किंमत कोणत्या क्षणी कळते, हे त्याने ओळखले. समुद्रकिनाऱ्यावर मैत्रिणीसह बसलेल्या एका किडकिडीत तरुणाच्या तोंडावर कोणी दांडगट वाळू उडवितो. तरुण अपमान गिळून घरी जातो, ॲटलासचे पाठ मागवितो, आणि काही काळाने परत येऊन हिशेब चुकता करतो, अशी ती चित्रमालिका. ह्या जाहिरातीत स्नायूंची शास्त्रीय नावे नाहीत; अपमान मात्र आहे, आणि तो जवळजवळ प्रत्येक पोराने कधी तरी सोसलेला असतो.

ॲटलासच्या पद्धतीत आणखी एक व्यवहार दडलेला होता. त्याच्या पाठांना यंत्र किंवा वजन लागत नसे. शरीराच्या एका अवयवाचा दुसऱ्याशी झगडा लावून द्यावयाचा, एवढेच. त्यामुळे पाकिटात फक्त कागद जाई. लोखंड विकणाऱ्याला गुदाम लागते आणि गाडीभाडे पडते. कागद विकणाऱ्याला तिकीट पुरते. आपल्याकडे बंगळूरच्या के. व्ही. अय्यर ह्यांनी हीच टपालाची वाट देशभर रुळविली. १९२२ साली त्यांनी तेथे हर्क्युलिस व्यायामशाळा काढली, आणि तिच्या जोडीला टपालाने शिक्षण देण्याची व्यवस्था केली. म्हैसूरच्या महाराजांपासून दूरच्या गावातील कारकुनापर्यंत त्यांचे शिष्य होते. स्वतः अय्यर नाटकात रमणारे होते आणि त्यांनी कन्नडमध्ये कादंबरीही लिहिली. आपले ज्ञान चार भिंतींबाहेर पाठविण्याचे धैर्य असल्या माणसाला अधिक असावे, ह्यात नवल नाही. व्यायामशाळा म्हणजे इमारत नव्हे, शिकविणे हा तिचा आत्मा आहे, हे त्या टपालाने सिद्ध केले.

अद्याप एका प्रश्नाला कोणी हात घातला नव्हता. व्यायाम कंटाळवाणा असतो, त्याचे काय? हा प्रश्न १८९१ सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय्. एम्. सी. ए. च्या शिक्षक-प्रशिक्षण शाळेत ऐरणीवर आला. बाहेर बर्फ पडलेले, मैदानी खेळ बंद, आणि आत कवायतीला कंटाळलेला अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग. त्या वर्गापुढे आधीच्या शिक्षकांनी हात टेकले होते. तेव्हा प्रमुख ल्यूथर गुलिक ह्यांनी तो जेम्स नेस्मिथ ह्या तरुण शिक्षकाच्या गळ्यात घातला आणि नवा खेळ शोधण्यास चौदा दिवस दिले. नेस्मिथने प्रचलित मैदानी खेळ आत आणून पाहिले. हातपाय मोडण्याची वेळ आली. अखेर त्याला कॅनडातील आपल्या बालपणीचा एक खेळ आठवला. मोठ्या दगडावर ठेवलेला लहान दगड दुरून नेम धरून पाडावयाचा असे, आणि त्यात जोराने फेकणाऱ्यापेक्षा हलक्या हाताने वर्तुळाकार फेकणारा जिंके. त्या आठवणीतून बास्केट-बॉल जन्मला. सज्ज्याच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम भिंतीवर लावले. ज्यांना कवायतीस ओढून आणावे लागे त्यांना आता घरी घालवावे लागू लागले. चार वर्षांनी, १८९५ साली, जवळच्याच होल्योक गावी विल्यम मॉर्गनपुढे दुसरी अडचण आली. त्याच्याकडे येणाऱ्या मध्यमवयीन व्यापाऱ्यांना बास्केट-बॉलची धावपळ झेपेना. त्याने मधोमध जाळे बांधले, धक्काबुक्की काढून टाकली, आणि व्हॉली-बॉल निर्माण केला. ज्याचे जसे वय तसा त्याचा खेळ, हे तत्त्व त्यामागे होते.

महाराष्ट्रानेही हा धडा आपल्या परीने गिरविला. खो-खो आणि हुतूतू हे अंगणातले, शेतातले खेळ. त्यांना ना मापाचे मैदान ना लेखी नियम. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधण्यास हात घातला. त्याच वर्षी अमरावतीस वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला. तालमीतील विद्या शाळेच्या पद्धतीने शिकवावी, शिकविणारे तयार करावे आणि ते गावोगाव धाडावे, हा त्या मंडळाचा मार्ग. १९३६ साली त्याचे पथक बर्लिनला गेले आणि देशी व्यायाम तेथील प्रेक्षकांसमोर सादर झाला. राजाश्रय नसतानाही ह्या संस्था टिकल्या, कारण एकीने खेळाकडून आनंद घेतला आणि दुसरीने शाळेकडून परंपरा चालविण्याची रीत घेतली. एका वस्तादामागे तालीम ओस पडते. शंभर शिक्षक घडविणारी संस्था संस्थापकांच्या पश्चातही चालते.

ह्यानंतर व्यायामशाळेने सावकाराकडे मोर्चा वळविला, आणि तेथे तिला सर्वांत मोठा लाभ झाला तसाच सर्वांत मोठा तडाखाही बसला. व्हिक टॅनी हा न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टरचा शिक्षक. १९४० च्या सुमारास त्याने कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे व्यायामशाळा काढली. पुढे त्याने तळघरातील काळोख आणि गंज ह्यांना रजा दिली. जमिनीवर गालिचे, भिंतींना आरसे, लोखंडाला चकचकीत मुलामा, आणि स्त्रियांनाही मोकळे दार, अशी त्याची थाटाची दालने देशभर पसरली. १९६० च्या सुमारास त्यांची संख्या ऐंशी-शंभरच्या घरात गेली. मोटार किंवा शीतकपाट जसे हप्त्याने घ्यावे तसे सभासदत्वही हप्त्याने विकण्याची रीत त्याने धडाक्याने राबविली. करारावर सही झाली की वर्षभराचे येणे हिशेबाच्या वहीत जमा दिसे, आणि त्या जमेच्या भरवशावर पुढच्या गावी नवे दालन उघडे. पण मोटार एकदा विकली की तिचा व्यवहार संपतो. व्यायाम वर्षभर शिकवावा लागतो. जो पैसा उद्याच्या सेवेसाठी आला होता तो आजच्या विस्तारात खर्ची पडला. नवे सभासद येत होते तोवर गाडा चालला. ओघ मंदावताच १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते सारे साम्राज्य कोसळले. कोणतीही भिशी जशी शेवटच्या माणसाच्या हप्त्यावर टिकते, तसाच हा प्रकार होता.

त्याच कॅलिफोर्नियात जॅक ललान ह्याने निराळी वाट धरली होती. १९३६ साली ओकलंड येथे त्याने व्यायामगृह उघडले, तेव्हा वजने उचलल्याने शरीर बिघडते असे वैद्यही सांगत. १९५१ साली तो सॅन फ्रॅन्सिस्कोच्या दूरचित्रवाणीवर आला, आणि १९५९ पासून १९८५ पर्यंत त्याचा कार्यक्रम अमेरिकेत सर्वत्र दिसत राहिला. समोर कोण बसले आहे हे त्याने अचूक ओळखले. सकाळच्या वेळी घरात मुले आणि त्यांच्या आया. म्हणून तो आपला कुत्रा घेऊन येई, कुत्रा पाहून मुले जमत, आणि मग तो मुलांकरवीच आईला हाक मारवी. साधन म्हणजे घरातली खुर्ची, टॉवेल आणि केरसुणीचा दांडा. व्यायामशाळेपर्यंत जी बाई कधीच पोचली नसती तिच्या बैठकीच्या खोलीत तो स्वतः जाऊन उभा राहिला.

टॅनीचा धडा त्याच्या दालनांबरोबर संपला असता तर पुढे बोलावयाचे कारण नव्हते. परंतु गैरहजर सभासदाच्या पैशावर चालणारी व्यायामशाळा हा प्रकार पुढेही राहिला, आणि त्याचे चोख मोजमाप अर्थशास्त्रज्ञांनी केले. स्टेफानो देलाव्हिन्या आणि उल्रिके माल्मेंडिअर ह्यांनी अमेरिकेतील तीन व्यायामगृहांतील ७,७५२ सभासदांच्या हजेरीचा अभ्यास करून २००६ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरांहून अधिक फी भरणारे सभासद महिन्यात सरासरी ४.३ वेळा येत. म्हणजे प्रत्येक भेट त्यांना १७ डॉलरांच्या वर पडे. दहा भेटींचे पास घेतले असते तर तीच भेट १० डॉलरांत पडली असती. मनुष्य फी भरतो ती आपण जसे आहोत त्याची नव्हे; आपण जसे होऊ अशी त्याला आशा असते त्याची. चालकापुढे येथे दोन वाटा फुटतात. ह्या आशेवर आयते जगावे, की ती आशा खरी करून दाखवावी? पहिल्या वाटेने वर्षअखेर वही भरलेली दिसते. परंतु जो सभासद आला नाही तो पुढच्या वर्षी फी भरीत नाही. उलट आपल्या अपयशाचे ओशाळेपण त्याच्या मनात त्या दाराशी जोडले जाते, आणि त्या रस्त्याने जाणेही तो टाळतो.

ह्या प्रश्नाची कसोटी लवकरच लागली. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे भारतभर व्यायामशाळांची दारे बंद झाली. केंद्र सरकारने ऑगस्टमध्ये परवानगी दिली, तरी महाराष्ट्रात ती दारे उघडली २५ ऑक्टोबर रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर. सात महिने जागेचे भाडे चढत होते, यंत्रांवर काढलेल्या कर्जाचे व्याज चढत होते, आणि उत्पन्न शून्य होते. अमेरिकेत १९६५ पासून चालत आलेल्या गोल्ड्स जिम ह्या प्रसिद्ध संस्थेलाही त्या मे महिन्यात न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. ज्यांच्याजवळ केवळ यंत्रे होती त्यांच्याजवळ त्या दिवसांत देण्यासारखे काहीच उरले नाही. ज्यांच्याजवळ शिष्य होते त्यांनी दूरध्वनीच्या पडद्यावरून शिकविणे चालू ठेवले, आणि त्या पडद्यावर नकळत अय्यरांचे टपाल, ललानची खुर्ची आणि औंधची सतरंजी पुन्हा अवतरली.

ह्या सगळ्या इतिहासातून आजच्या व्यायामशाळाचालकाने काय घ्यावे? त्याने बहुधा कर्ज काढून जागा घेतलेली असते, आणि जानेवारीत भरलेल्या दालनात मार्चमध्ये कोण उरेल ही चिंता त्याला असते. त्याच्यासाठी धडे स्पष्ट आहेत. रंगभूमीने शिकविले की फळ डोळ्यांपुढे ठेवावे. शिंप्याच्या फितीने शिकविले की ते मोजून दाखवावे. मासिकाने आणि स्पर्धेने शिकविले की शिष्यापुढे नेहमी एक तारीख असू द्यावी. जाहिरातदाराने शिकविले की आपल्या विद्येची थोरवी गाण्याआधी समोरच्याचे शल्य जाणावे. अंगणातल्या खेळाने आनंद शिकविला, शाळेने परंपरा शिकविली. सावकाराच्या दारी मिळालेला धडा मात्र सावधगिरीचा आहे: जी फी उद्याच्या शिकवणीसाठी आली आहे ती आज खर्चावयाची नसते. ह्या सर्व युक्त्यांची परीक्षा एकच आहे. जी युक्ती माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा व्यायामाला आणते ती तारते. जी त्याला आणल्यावाचूनच पैसे मिळवून देते ती, आज ना उद्या, बुडविते.

आणि ह्या कसोटीपाशी आल्यावर दृष्टी पुन्हा जुन्या तालमीकडे वळते. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव हे थोर व्यायामगुरू होतेच. पण मोडलेली हाडे बसविण्यातही त्यांची ख्याती होती. व्यायामाशी ज्याचा काडीचा संबंध नाही असा मनुष्यही मोडलेला हात घेऊन त्या दाराशी येई आणि बरा होऊन जाई. ज्या घरातील एका माणसाचा हात तेथे बसला, त्या घरातील पोर तालमीत घालताना कोणाला विचार करावा लागत नसेल. ती वैद्याची विद्या होती, आणि तिने तालमीला गावाचा विश्वास मिळवून दिला. जुन्या वस्तादांची दुसरी एक रीत तर कोणत्याही खर्चाची नव्हती. पहाटे दिव्याच्या उजेडात जोर काढणाऱ्या पोरांवरून नजर फिरवून कोण आला नाही हे वस्ताद पाही, आणि लागोपाठ दोन दिवस जागा रिकामी दिसली की शेजारच्या पोराला त्याच्या घरी धाडी. फीची वही त्याच्याजवळ नव्हती. हजेरीची वही त्याच्या डोळ्यांत होती. आज यंत्रे बोटाचा ठसा घेऊन हजेरी टिपतात आणि कोण किती दिवस आला नाही हे क्षणात सांगतात. त्यानंतर त्याच्या घरी कोणाला तरी धाडावयाचे, एवढे काम मात्र अजून माणसाकडेच राहिले आहे.